न घडलेल्या गोष्टी

आपल्याकडे लग्नात अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके सुरू होतात आणि दर कडव्याच्या शेवटी एक शब्द कानी पडतो : सावधान. अक्षता मुठीत धरून ताटकळलेल्या वऱ्हाडाला ती अक्षता टाकण्याची खूण वाटते आणि मुलांना पंगत जवळ आल्याची. त्या शब्दाचा अर्थ कोणी फारसा मनावर घेत नाही. घेतला तो एकाच वराने. जांबच्या नारायणाने तो शब्द ऐकला आणि बोहल्यावरून पळ काढला, ही समर्थ रामदासांची आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. मला मात्र त्या पळण्यापेक्षा तो शब्द जिथे योजला आहे ती जागा अधिक विचार करण्याजोगी वाटते. वाजंत्री वाजत आहे, अत्तरगुलाब चालला आहे, दोन जीव जोडले जाण्याचा क्षण आलेला आहे. आणि नेमक्या त्या क्षणी आपल्या पूर्वजांना 'आनंद करा' असे म्हणावेसे वाटले नाही, 'सावध राहा' असे म्हणावेसे वाटले. जोडणे ही जोखमीची गोष्ट आहे, हे त्यांना पुरते ठाऊक असले पाहिजे.

माझेही आयुष्य जोडण्याच्याच धंद्यात गेले. फक्त मी जोडले ते लोखंड. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या, जिन्याचे कठडे, गॅलरीचे गज आणि शेतीची अवजारे करता करता माझे केस पांढरे झाले. चकल्या-करंज्यांच्या दिवसांत हा वेल्डिंगचा विषय कुठून आला, असे वाचक म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा. मला जो प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायचा आहे तो त्या शेडमध्ये सुचला असला, तरी तो प्रत्येक घरातला आहे. प्रश्न असा, की सावधपणा हा सद्गुण आहे, की ती नुसती हुशारी? जपून वागणारा माणूस चांगला म्हणायचा, की केवळ शहाणा? शूरांचे पोवाडे आपण गातो, उदारांच्या कथा सांगतो. जपून वागणाऱ्या माणसाचा पोवाडा अजून तरी माझ्या ऐकण्यात नाही.

प्रथम यंत्राची ओळख करून देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेडमध्ये एक नवे वेल्डिंग मशीन आले. ते अनेक पद्धतींनी काम करते, म्हणून त्याला मल्टिप्रोसेस म्हणतात. घरच्या भाषेत सांगायचे, तर तो एक सोऱ्या आहे. सोऱ्या एकच, पण आतली चकती बदलली, की त्यातूनच कधी शेव पडते, कधी चकली. त्याचप्रमाणे या एकाच पेटीतून रॉडचे वेल्डिंग होते. तारेचे होते, ज्याला आमच्याकडे सरसकट 'सीओटू' म्हणतात. पोटात भुकटी भरलेल्या तारेचे होते. आणि टंगस्टनच्या सुईचे होते, जे 'आर्गन' या नावाने ओळखले जाते. या पद्धती काही एका दिवशी जन्मलेल्या नाहीत. रशियात स्लाव्यानोव्ह यांनी धातूचा रॉडच वितळवून जोड भरून दाखवला तो १८८८ साली. टंगस्टनची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विमानांचे हलके धातू जोडण्यासाठी पुढे आली, आणि तारेची पद्धत १९४८ च्या सुमारास. पूर्वी एकेका पद्धतीला एकेक अगडबंब मशीन लागे आणि बहुधा एकेक माणूसही लागे. आता ही सारी घराणी एका पेटीत नांदतात आणि ती पेटी एकटा माणूस उचलून गच्चीवर नेतो.

सोय झाली खरी. पण सोऱ्यात चुकीची चकती बसली तर चकलीऐवजी शेव पडते, एवढेच. इथे तसे नाही. वायूच्या पडद्याखाली चालणारी भरीव तार लावली, तर टॉर्च धन टोकाला आणि परतीचा चिमटा ऋण टोकाला लावायचा. वायूविना चालणारी, भुकटीची तार लावली, की सहसा नेमके उलटे. आर्गनला टॉर्च पुन्हा ऋण टोकाला. कारण उष्णतेचा मोठा वाटा धन टोकाकडे जातो, आणि टॉर्च तिकडे लावली तर जोडायचे लोखंड राहते बाजूला आणि टंगस्टनची सुईच वितळू लागते. वायू मिनिटाला दहा ते पंधरा लिटर सोडावा. कमी सोडला तर हवा आत शिरते. आणि गंमत अशी, की फार सोडला तरी शिरते, कारण जोराच्या झोताबरोबर भोवतालची हवा ओढली जाते आणि जोड पावासारखा सच्छिद्र होतो. मशीनच्या पाटीवर २०० अँपिअरला ६० टक्के असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विसावा. हे सारे वाचून, समजून, हाताने एकेक जोडणी बदलून मग काम सुरू करायचे असते.

नवे मशीन हुशार आहे. पत्र्याची जाडी आणि तारेचा व्यास सांगितला, की व्होल्टेज किती हवे आणि तार किती वेगाने सुटावी हे ते आपणच सुचवते. परंतु पत्र्याला खालून रंग आहे की गंज, हे त्याला कळत नाही. पलीकडे पोत्यांची थप्पी आहे, हे त्याला दिसत नाही. ज्या पिंपाला टाका मारायचा आहे त्यात काल डिझेल होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणखी एक बारीकशी गोष्ट आहे. तारेच्या पद्धतीत टॉर्चचा खटका दाबल्याखेरीज तारेत वीज येत नाही. रॉडच्या पद्धतीत मात्र मशीन चालू असेपर्यंत होल्डर जिवंतच असतो. आर्क पेटलेला नसताना त्याच्या टोकाशी साठ, सत्तर, ऐंशी व्होल्ट असू शकतात. कोरड्या हाताला त्याचा पत्ताही लागणार नाही. पण घामाने चिंब झालेल्या, लोखंडी टाकीत उतरून बसलेल्या माणसाचा त्याने जीव जाऊ शकतो. सकाळभर तारेवर काम करून दुपारी रॉडवर आलेल्या माणसाचा हात सकाळच्याच सवयीने वागतो. पेटी तीच असते, जागा तीच असते, म्हणून सवय अधिकच फसवते.

आता दोन 'अर्थां'ची गोष्ट सांगतो. कामाच्या लोखंडाला जो चिमटा लावतात, त्याला आमच्या धंद्यात 'अर्थ' म्हणतात. "अर्थ लाव रे" असे म्हटले, की पोरगा तो चिमटा नेऊन लावतो आणि काम सुरू होते. वस्तुतः तो चिमटा म्हणजे भूसंपर्क नव्हे. तो विजेचा परतीचा रस्ता आहे. त्याच्याविना आर्क पेटणारच नाही, म्हणून तो लावायला कोणी विसरत नाही. खरा अर्थ निराळा. मशीनच्या अंगापासून निघून तीन पायांच्या प्लगच्या जाड पायातून जमिनीकडे जाणारी ती हिरवी तार. तिच्यातून रोज काहीही वाहत नाही. ती काढून टाकली तरी मशीन तसेच चालते, जोड तसाच पडतो, बिल तेवढेच येते. एखाद्या दिवशी आतले वेष्टन झिजते, पेटीच्या अंगात वीज उतरते आणि कोणाचा तरी हात त्या पेटीवर पडायचा असतो, त्या दिवशी मात्र ती तार वीज आपल्या अंगावर घेते आणि फ्यूज उडवते. तो दिवस दहा वर्षांनी येईल किंवा कधीच येणार नाही. म्हणून किती तरी दुकानांत ही तार नसतेच. प्लगही नसतो. दोन उघडी टोके भोकांत घालून काड्यापेटीच्या काड्यांनी दाबून बसवलेली असतात आणि काम झकास चाललेले असते. पहिल्या अर्थाविना धंदा चालत नाही, दुसऱ्या अर्थाविना तो बिनदिक्कत चालतो. आणि माझा सारा प्रश्न त्या दुसऱ्या अर्थाचा आहे.

आमच्या शेडमध्ये एक मिस्त्री होते. त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. डोक्यावर उभ्याने घातलेला त्यांचा जोड बायकांनी साडीला घातलेल्या नेटक्या टिपेसारखा दिसे. छोटा टाका मारताना ते काच लावत नसत. डोळे बारीक करीत, तोंड किंचित फिरवीत आणि चट्कन टाका मारून मोकळे होत. मी काही बोललो, की त्यांचे उत्तर ठरलेले असे. "तीस वरसं झाली मालक. काय झालंय काय? डोळं हायत न्हवं जाग्यावर?"

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मी त्याच्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि जितका विचार करावा तितके ते अवघड होत जाते. कारण जो माणूस तीस वर्षे काच लावून, हातमोजे घालून, हिरवी तार तपासून काम करतो, तोही शेवटी हेच सांगणार : तीस वर्षे झाली, काही झाले नाही. निष्काळजी माणूस म्हणतो, काही झाले नाही, तेव्हा काळजीची गरजच नव्हती. काळजी घेणारा म्हणतो, काही झाले नाही, तेव्हा काळजी फळाला आली. पुरावा दोघांचा एकच, आणि तो म्हणजे काहीच न घडणे. परिणाम पाहून या दोन माणसांत निवाडा करता येत नाही. लक्ष्मीपूजनाला आपण चोपड्या मांडतो, त्यात जमा आणि खर्च दोन्ही असतात. काचेचे पैसे, मोज्यांचे पैसे, गेलेला वेळ, हे सारे खर्चाच्या बाजूला स्पष्ट दिसते. पण न झालेल्या अपघाताची जमा कोणत्या खात्यात लिहायची? कोणत्या तारखेला? हे खाते जगातल्या कुठल्याही चोपडीत नाही, म्हणून सावधपणा नेहमी नुकसानीतच दिसतो.

बरे, निसर्ग तरी लगेच खडसावतो का? विस्तवाला हात लागला, की तो तत्क्षणी शिकवतो. म्हणून तान्ह्या मुलालाही विस्तव एकदाच शिकवावा लागतो. वेल्डिंगचा उजेड तसा प्रामाणिक नाही. दुपारी तीन वाजता डोळ्यांवर झगमग पडते, त्या वेळी काहीच होत नाही. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. मध्यरात्री तो उठून बसतो. डोळ्यांत वाळू भरल्यासारखी होते, पाण्याच्या धारा लागतात, दिवा सहन होत नाही. 'वेल्डिंग लागले' म्हणतात ते हेच. घरातली माणसे बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवतात, खरे म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवे असते. एकदोन दिवसांत दुखणे बहुधा निवते आणि तिसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडताना पांढरा धूर निघतो. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो आणि सकाळी उतरतो. दूध प्यावे, गुळाचा खडा खावा, की धूर बाधत नाही, अशी आमच्या धंद्यात समजूत आहे. दूध आणि गूळ दोन्ही चांगले पदार्थ आहेत. पण ते पोटात जातात आणि धूर जातो छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात घातला. तो धूर आपले बिल वीस-तीस वर्षांनी पाठवतो, आणि पुष्कळदा ते बिल दारात येते तेव्हा माणूस धंद्यातून निवृत्त झालेला असतो.

तेव्हा इथे अनुभव हा गुरू उपयोगाचा नाही. 'अनुभवाने शहाणा झाला' असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. परंतु ज्या धोक्याची वेदना उशिरा येते, किंवा दुसऱ्यालाच होते, तिथे अनुभव मनुष्याला शहाणा करण्याऐवजी बेफिकीर करतो. रोज तो सांगतो, पाहा, आजही काही झाले नाही. अनुभवाच्या या साक्षीविरुद्ध उभे राहायचे तर मनुष्याजवळ दुसरेच काही तरी असावे लागते. ते काय, हा प्रश्न मला बरेच दिवस सुटत नव्हता. त्याचे उत्तर मला त्या मिस्त्रींनीच दिले.

एका दुपारी ते गेटाची चौकट जोडत होते आणि हाताखालचा पोरगा पाइप धरून उभा होता. सोळा-सतरा वर्षांचा असेल. दोन्ही हात पाइपला अडकलेले, म्हणून तोंड एका खांद्याकडे वळवून त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. असे पोरगे तुम्हीही रस्त्याने जाताना पाहिले असेल. कोणतेही फॅब्रिकेशनचे दुकान त्याच्याविना चालत नाही. मी मिस्त्रींना जवळ बोलावले आणि म्हटले, "तुमच्या डोळ्यांचं राहू द्या, मिस्त्री. पण हा पाइप धरून तुमचा नातू उभा असता तर?"

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्येला कशाला हुबा करीन मी हितं?"

मी पुढे काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी टॉर्च खाली ठेवली, खुंटीवरची जुनी हातकाच आणली आणि पाइप शिकंजात पकडून पोराच्या हातात ती काच दिली.

त्या एका वाक्यात मला वाटते सारा उलगडा आहे. ज्या मनुष्याला स्वतःच्या डोळ्यांची भीती नव्हती, तो नातवाच्या डोळ्यांसाठी तत्काळ सावध झाला. म्हणजे सावधपणा त्यांच्या अंगी नव्हता असे मुळीच नाही. तो होता, भरपूर होता. पण तो कोणापर्यंत पोचतो याची एक हद्द होती, आणि तो पोरगा त्या हद्दीच्या बाहेर उभा होता. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात अशी एक हद्द आखलेली असते. घरात दूध उतू जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभी राहणारी गृहिणी कामवाल्या बाईला डगमगत्या स्टुलावर चढवून माळ्यावरचे डबे काढायला सांगते. तिच्या मनात दुष्टावा नसतो, हद्द असते.

सावधपणा हे भित्र्याचे लक्षण, ही समजूत इथे पार कोसळते. स्वतःपुरते जपणे ही हुशारी आहे. ती असावी, पण तिचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्यासाठी जपणे ही ममतेचीच एक रीत आहे. फरक इतकाच, की माया म्हटली की आपल्याला ऊर भरून येणे आठवते, आणि ही माया सकाळी आठ वाजता केबलला कुठे चीर पडली आहे का हे बोटांनी चाचपून पाहते.

यातून मला एक साधा नियम हाती लागल्यासारखा वाटतो : ज्याला आधी कळते, त्याच्यावर जबाबदारी. आर्क केव्हा पेटणार हे फक्त टॉर्च धरणाऱ्याला ठाऊक असते. त्याच्या डोक्यावरचे नव्या तऱ्हेचे शिरस्त्राण उजेड पडताच सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आपोआप काळे होते. पण शेजारी उभ्या असलेल्या पोराला काहीच कळत नाही. शाळेतून परतताना दारात उभे राहून त्या निळ्या चांदण्या पाहणाऱ्या मुलांना तर मुळीच नाही. म्हणून आर्क लावण्याआधी "डोळे!" असे ओरडायचे, दाराशी पत्र्याचा आडोसा उभा करायचा, काम संपल्यावर अर्धा-एक तास ठिणग्या पडल्या तिकडे लक्ष ठेवायचे. हे काही मोठे तत्त्वज्ञान नाही. दिवाळीत भुईनळ्याला वात लावणारा घरातला मोठा मुलगा आधी मागे वळून पाहतो आणि धाकट्यांना "सरका रे मागे" म्हणतो. त्याला हे कोणी नीतिशास्त्राच्या पुस्तकातून शिकवलेले नसते. वात त्याच्या हातात आहे, एवढे त्याला पुरते.

कायद्याने हे होणार नाही का, असे कोणी विचारील. कायदा हवाच. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणाचे स्वतंत्र कलम होते. परंतु वीज वापरणाऱ्या ज्या दुकानात दहा माणसेही नसत, त्याला तो कायदा सामान्यतः लागूच होत नसे. आणि आमच्या धंद्यातली दुकाने दोन-तीन माणसांची. तिथे तपासनीस येत नाही. तिथे मालक, मिस्त्री आणि पोरगा, एवढेच जग. अशा जागी काचेचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न नीतीचाच होऊन बसतो. माझे मत विचाराल तर हाताखालच्या पोराची काच ही मशीनच्याच किमतीत धरली पाहिजे. ज्याला ती परवडत नाही, त्याला मशीनही परवडत नाही. रोजंदारीच्या पोराला 'आपली काळजी आपण घ्यावी' असा उपदेश करणे फार सोपे आहे. त्या उपदेशाला खर्च येत नाही.

सावधपणाचेही सोंग असते, हे मला मान्य आहे. भिंतीवर सूचनांचे फलक लावून त्यांच्याखाली निर्धास्त झोपणारे मालक मी पाहिले आहेत. उलट प्रत्येक ठिणगीला दचकणारा माणूसही या धंद्यात निकामी. त्याचा हात थरथरतो आणि जोड कच्चा राहतो. समर्थांच्या आख्यायिकेत सावधान या शब्दाचा अर्थ पळणे असा झाला असला, तरी पुढे त्यांनीच प्रपंचात आणि राजकारणात सावधपणाला केवढे मोठे स्थान दिले आहे, हे आपण जाणतो. तो पळणाऱ्याचा सावधपणा नव्हता. विस्तवाजवळच राहायचे आहे, रोज राहायचे आहे, म्हणून सावध असायचे.

आणि ही हद्द आपल्या शेडच्या दारापाशीही संपत नाही. तारेच्या वेल्डिंगची एक खोड आहे. त्याचा जोड वरून मोत्यांच्या सरासारखा दिसतो आणि आत लोखंडाला धरलेलाही नसतो. घालणाऱ्याखेरीज ते कोणालाही कळत नाही. रंगाचा एक हात मारला, की त्यालाही दिसत नाही.

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या हद्दीत, 'अलेक्झांडर किएलँड' नावाचा एक प्रचंड तरंगता तळ वादळी संध्याकाळी उलटला. समुद्रातून तेल काढणाऱ्या कामगारांची राहण्याची सोय त्याच्यावर केलेली होती. त्याच्या पाच पायांपैकी एकाला धरून ठेवणारी एक नळी तुटली, तिच्यामागोमाग इतर तुटल्या, तो पाय निखळला आणि सुमारे वीस मिनिटांत सारा तळ पालथा झाला. २१२ माणसांपैकी १२३ बुडाली. चौकशीत असे आढळले, की तडा सुरू झाला तो एका क्षुल्लक जागी. पाण्यातला आवाज टिपणारे एक उपकरण बसवण्यासाठी त्या नळीला एक आधार जोडलेला होता. त्याचा ६ मिलिमीटरचा साधा कोपऱ्यातला जोड, तो हा. तळाचे वजन त्या जोडावर मुळीच नव्हते; म्हणून तो कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. तड्याच्या आत रंगाचे अंश सापडले. म्हणजे तळ रंगवला गेला तेव्हाच तिथे फट होती, आणि तिच्यावरून कुंचला फिरला होता.

तो जोड ज्याने घातला त्याच्याविषयी मला राग येत नाही. तो एखादा आमच्या मिस्त्रींसारखाच माणूस असेल. संध्याकाळ झाली असेल, घरी जायचे असेल, 'हा काय भार घेणारा जोड आहे?' असे त्याला वाटले असेल. ज्यांच्यासाठी त्याने जपायला हवे होते, ती माणसे त्याला कधीच दिसणार नव्हती. आमच्या गॅलरीच्या गजाला ओठंगून उद्या कोणाची मुले आकाशकंदील पाहतील, हे आम्हाला तरी कुठे दिसते? म्हणून चांगला कारागीर कामाला हात घालण्याआधी त्याच जाडीचे दोन तुकडे जोडतो, शिकंजात धरून हातोड्याने वाकवतो आणि जोड फाटतो का ते पाहतो. मग मशीनचा आकडा थोडा वर किंवा खाली करतो. अनारसे करणारी बाई पहिला अनारसा तुपात सोडून तो हसतो का ते पाहते, आणि मगच बाकीचे थापते, तसेच हे. तो वाकवलेला तुकडा भंगारात जातो. त्याचे पैसे कोणी देत नाही, गिऱ्हाइकाला तो माहीतही नसतो.

फळाची आशा न धरता कर्म करावे असे गीता सांगते. आपण ते ऐकतो आणि मनात म्हणतो, हे संतांना जमायचे, आपल्याला नाही. पण हिरवी तार जोडणारा माणूस, तुकडा वाकवून पाहणारा माणूस, वात लावण्याआधी मागे वळून पाहणारा मुलगा, हे सारे नकळत तेच करीत असतात. त्यांच्या कर्माचे फळ म्हणजे काहीच न घडणे. ते त्यांना दिसत नाही, ज्यांना मिळते त्यांनाही दिसत नाही, म्हणून त्याची आशा धरता येत नाही आणि कोणी आभारही मानत नाही.

आमच्या धंद्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. झेंडूच्या माळा पडतात, हळदकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो. ती झाली, की मी मागे जाऊन माळ पंख्याच्या जाळीवर तर आलेली नाही ना, हे पाहतो आणि प्लगमधली हिरवी तार किंचित ओढून घट्ट आहे याची खात्री करून घेतो. माझ्या मनात तीही पूजेतच धरलेली आहे. या दिवाळीत तुमच्या घरी दिवे लागतील, भुईनळे उडतील, गॅलरीत मुले गर्दी करतील आणि रात्र आनंदात पार पडेल. सकाळी उठून त्या रात्रीविषयी सांगण्यासारखे विशेष काही नसेल. ज्यांनी कुणी कुठे तरी जपून काम केले म्हणून ते नसेल, त्यांची आठवण त्या वेळी क्षणभर व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.